इरादा विचारताय की सही घेताय?

गेल्या जुलैत मी पुण्यात बहिणीकडे होते, आणि त्या आठवड्यात त्या घरात दुसरा विषयच नव्हता. भाच्याचा इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी गेल्या वर्षीच्या कटऑफचे छापील कागद, त्यांवर तीन रंगांच्या रेघा. कॉलेजचे कोड, ब्रँचचे कोड, सीईटीचे सात दशांश स्थळांपर्यंतचे पर्सेंटाइल. तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात म्हटल्यावर भाऊजींनी एकशे चाळीस टाकले होते आणि तरी त्यांना झोप नव्हती. आधी कॉलेज बघायचं की आधी ब्रँच, यावरून बहीण आणि भाऊजी दोन दिवस एकमेकांशी चहापुरतंच बोलत होते. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तो घ्यावाच लागतो, सीट आपोआप फ्रीझ होते. म्हणून पहिल्या नंबरवर काय टाकायचं याबद्दल सोसायटीतल्या तिघांचा सल्ला घेऊन झाला होता. भाचा आतल्या खोलीत मॅच बघत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, लागेल ते करीन. कॉम्प्स लागलं तर बरं."

मी मनातल्या मनात जरा फुशारले, हे कबूल करते. अमेरिकेत हे असलं काही नसतं, मुलं आधी कॉलेजात जातात, दोन वर्षं इकडंतिकडं चरतात, मग काय शिकायचं ते ठरवतात, असं मी बहिणीला ऐकवलंही. वीस वर्षं सिएटलजवळ राहून माझी ही समजूत कायम होती, कारण तोवर माझ्या घरात कोणी अर्ज भरला नव्हता.

ऑक्टोबरात माझी मुलगी अर्जाला बसली. नाव, पत्ता, शाळा, आईवडिलांचं शिक्षण असं सगळं भरत ती एका रकान्यापाशी थांबली. 'इंटेंडेड मेजर', म्हणजे मुख्य विषय कोणता घ्यायचा विचार आहे. तिने विचारलं, "आई, इंटेंडेड म्हणजे नुसता विचार ना? नंतर बदलला तर चालेल?" मी तोंड उघडलं आणि मला उत्तर देता येईना. म्हणजे उत्तरं होती, पण तिने निवडलेल्या नऊ कॉलेजांची सहा वेगवेगळी. दोन शनिवार-रविवार घालवून मी त्याचा तक्ता केला. भाऊजींच्या हायलायटरला हसले होते, ती मीच दुसऱ्या रविवारी दुकानातून हायलायटर घेऊन आले.

त्या तक्त्याने माझं एक मत पक्कं केलं. जिथे नंतर बदलता येत नाही, तिथे त्या रकान्याला 'इरादा' म्हणू नये. मुलगी बघायला आलेल्या मुलाने पोहे छान झालेत म्हटलं, म्हणून त्याच दुपारी अक्षता टाकायच्या, आणि वर सांगायचं की आम्ही तर फक्त मत विचारलं होतं, असा हा प्रकार आहे. बांधून घ्यायचं असेल तर तसं त्याच ओळीत सांगा. सांगायचं नसेल तर बांधू नका.

तक्त्यात काय होतं ते थोडं सांगते. एका टोकाला एमआयटी. तिथे अर्जात आवड विचारतात, पण प्रवेश संस्थेत मिळतो, विषयात नाही. पहिलं वर्ष संपताना मुलं विषय जाहीर करतात आणि कोणताही करू शकतात, कॉम्प्युटरसुद्धा. स्टॅनफर्डमध्ये दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मुदत असते. हार्वर्डमध्ये दुसऱ्या वर्षात ठरवायचं, आणि तिथे त्याला मेजर न म्हणता 'कॉन्सन्ट्रेशन' म्हणतात. ब्राउनमध्ये तर १९६९ पासून सक्तीचे विषयच जवळजवळ नाहीत. या सगळ्या ठिकाणी त्या रकान्यात तुम्ही काय लिहिता याने पुढचं दार बंद होत नाही.

दुसऱ्या टोकाला मोठी सरकारी विद्यापीठं. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेनच्या कॅम्पसला कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर ते अर्जातच मागायचं. एकदा दुसऱ्या विषयात आत गेलात की तिकडे वळणं जवळपास अशक्य. आमच्या सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एरवी शंभर अर्जदारांतल्या चाळिसेकांना प्रवेश मिळतो, पण कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश मागणाऱ्या राज्याबाहेरच्या मुलांत हाच आकडा शंभरात दोन-तीन इतका खाली येतो. मध्ये कुठेतरी कॅलिफोर्निया विद्यापीठ. तिथे एकाच अर्जावर नऊ कॅम्पसना अर्ज करता येतो आणि प्रत्येक कॅम्पससाठी वेगळा मेजर लिहिता येतो. लॉस एंजेलिसच्या कॅम्पसचंच उदाहरण घ्या. तिथल्या साहित्य-विज्ञानाच्या कॉलेजात नव्या मुलांना प्रवेश देताना मेजर बघतच नाहीत, आणि त्याच कॅम्पसवरच्या इंजिनिअरिंगच्या कॉलेजात बघतात. रकाना एक, कॅम्पस एक, शाई एक. अर्थ मात्र दोन.

या दोन टोकांकडे बघताना एक गोष्ट मला सतत टोचत राहिली. 'अजून ठरलं नाही' असं निवांतपणे म्हणायची मुभा कुठे आहे? जिथे शंभरातल्या चार-पाच जणांनाच आत घेतात अशा श्रीमंत खासगी संस्थांत. आणि जी विद्यापीठं राज्याच्या करदात्यांच्या पैशांवर उभी आहेत, जिथे शिक्षकांची, ट्रक चालवणाऱ्यांची आणि आमच्यासारख्या नोकरदारांची मुलं जाणार, तिथे सतराव्या वर्षी पक्कं उत्तर लागतं. न ठरवणं ही चैन झाली आहे, आणि इतर चैनींसारखीच ती ज्यांच्याकडे आधीच पुष्कळ आहे त्यांना मिळते.

हे मुळात असं नव्हतं. चार्ल्स एलियट हा माणूस १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं हार्वर्डचा अध्यक्ष होता. लॅटिन-ग्रीकच्या ठरीव अभ्यासक्रमाचं ओझं उतरवून मुलांना हवे ते विषय निवडू द्या, हा त्याचा ध्यास. त्याने दार इतकं उघडलं की मुलं सोपे सोपे विषय वेचून पदवी घेऊ लागली. त्याच्या जागी आलेल्या लॉरेन्स लोवेलने मग तोल साधला: एका विषयात खोल जा, बाकीचे थोडे थोडे चाखा. अमेरिकेत आज ज्याला मेजर म्हणतात त्याची घडण अशी झाली. तो विषय आत आल्यावर, चार ठिकाणी डोकावून झाल्यावर निवडायचा होता. अर्जाच्या रकान्यात तो येऊन बसला तो जागांच्या टंचाईमुळे, शिक्षणाच्या कुठल्या विचारामुळे नव्हे.

आणि मुलं बदलतात हो. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०११-१२ मध्ये कॉलेजात शिरलेल्या मुलांचा माग ठेवला होता. ज्यांनी मेजर जाहीर केला होता त्यांतल्या साधारण तीस टक्क्यांनी तीन वर्षांच्या आत तो किमान एकदा बदलला. गणित घेतलेल्यांत तर बावन्न टक्क्यांनी. म्हणजे ज्या विषयाबद्दल शाळेत सगळ्यात जास्त खात्री वाटते, दहा-बारा वर्षं ज्यात पैकीच्या पैकी मिळालेले असतात, त्याच विषयात निम्म्याहून अधिक मुलांना कॉलेजातलं गणित बघून वेगळं वाटलं. यात मुलांचा काही दोष नाही. शाळेतलं गणित आणि कॉलेजातलं गणित यांचं आडनाव तेवढं एक आहे.

आता दुसरी बाजू. दार बंद करणारे सगळे दुष्ट नाहीत, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच बर्कली कॅम्पसची गोष्ट मला माझ्या बाजूची वाटत नसली तरी सांगायला हवी. तिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत साहित्य-विज्ञानाच्या कॉलेजातून कॉम्प्युटर सायन्स उघडं होतं. कोणीही यावं, ठरलेले तीन कोर्स करावेत, त्यांत मिळून चारपैकी ३.३ चा सरासरी ग्रेड मिळवावा, की मेजर तुमचा. ऐकायला किती छान. प्रत्यक्षात शेकडो मुलं वर्ष-दीड वर्ष त्या ३.३ च्या टांगत्या तलवारीखाली काढायची. शेजारी बसलेला मित्र म्हणजे स्पर्धक. ३.२ आला की दोन वर्षांचा खर्च आणि मन दोन्ही गेलं, आणि मग उरलेल्या विषयांतून काहीतरी गोळा करायचं. ते थांबवायला २०२३ पासून कॉम्प्युटर सायन्सचा प्रवेश अर्जाच्या वेळीच द्यायचं ठरलं. त्याच वर्षी कॉम्प्युटिंग आणि डेटा सायन्सचं वेगळं कॉलेजही मंजूर झालं. नंतर आत शिरायची वाट ठेवली आहे, पण अरुंद. दोन वर्षांनी तोंडघशी पडण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं, हा युक्तिवाद मला खोडता येत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठ तर स्पष्ट सल्ला देतं की तुम्हाला कॉम्प्युटर सायन्सच करायचं असेल आणि ते थेट मिळालं नसेल, तर दुसऱ्या विषयात समाधान मानणार असाल तरच इथे या. हे बोलणं कडू आहे, पण सरळ आहे. माझी तक्रार एवढीच की ते वेबसाइटच्या आतल्या पानावर आहे, आणि रकान्यावर अजूनही 'विचार आहे' असंच लिहिलेलं आहे.

इथे मला पुण्यातलं ते जेवणाचं टेबल पुन्हा आठवतं, आणि या वेळी फुशारकी मारायला जागा उरत नाही. आपला ऑप्शन फॉर्म निष्ठुर आहे, पण खोटा नाही. तो तुमची आवड विचारत नाही. तो म्हणतो, क्रम लावा, तुमच्या मार्कांत जे बसेल ते मिळेल, आणि मिळालं की तेच. कोणत्या कॉलेजची कोणती ब्रँच गेल्या वर्षी कितीवर बंद झाली ते सात दशांशांपर्यंत छापलेलं असतं. भाच्याला कोणापुढे लहानपणापासूनच्या कोडिंगप्रेमाचं नाटक करावं लागलं नाही. 'लागेल ते करीन' असं तो म्हणू शकला, आणि त्या वाक्याने त्याचा एक मार्कही गेला नाही.

मी त्या पद्धतीची भाट नव्हे. मी सांगलीची. आमच्याच वसंतदादांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, म्हणून माझ्यासारख्या मुलींना घरापासून बसच्या अंतरावर इंजिनिअर होता आलं. नव्वदच्या दशकात फ्री सीट आणि पेमेंट सीटचे दिवस होते. पीसीएमच्या बेरजेत माझी इलेक्ट्रॉनिक्सची गाडी दोन मार्कांनी चुकली आणि इन्स्ट्रुमेंटेशनची मिळाली. इन्स्ट्रुमेंटेशन म्हणजे काय हे मला प्रवेश घेऊन घरी आल्यावर वडिलांनी एका ओळखीच्या साखर कारखान्यातल्या साहेबांना विचारून सांगितलं. गंमत म्हणजे पहिलं वर्ष सगळ्या ब्रँचना सारखंच असायचं: एम-वन, एम-टू, ड्रॉइंग, वर्कशॉपमध्ये कानस घेऊन लोखंड घासणं. वर्षभर सगळे एकच शिकत होतो, तरी कपाळावरचा शिक्का पहिल्या दिवशीचा. पुढे मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आले आणि व्हॉल्व्ह-ट्रान्सड्यूसर पुन्हा पाहिले नाहीत. आमच्या इथल्या मराठी कंपूत मेकॅनिकलवाले आहेत, सिव्हिलवाले आहेत, एक टेक्स्टाइलवाला आहे, आणि सगळे कोड लिहितात किंवा लिहिणाऱ्यांना हाकतात. तरीही मुलांच्या मेजरबद्दल आम्ही असे बोलतो जणू सतराव्या वर्षी लिहिलेला शब्द म्हणजे सटवीने लिहिलेला लेख.

पण निष्ठुर पद्धतीत एक गोष्ट होती. तिने माझ्याकडून खोटं वदवून घेतलं नाही. अमेरिकेतली पद्धत वदवून घेते, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागतं.

इथे नुसता मेजर लिहून भागत नाही, तो सिद्ध करावा लागतो. कॉम्प्युटर सायन्स लिहिलं तर मागे रोबोटिक्सची टीम हवी, उन्हाळ्यातलं शिबिर हवं, एखादं अॅप हवं, आणि या सगळ्यातून ओघाने उगवलेला निबंध हवा. आता विचार करा, हा इरादा कोणाला सिद्ध करता येतो? २०२४ च्या एका देशव्यापी अहवालानुसार अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलांपैकी साठ टक्क्यांतच कॉम्प्युटर सायन्सचा पायाभूत कोर्स शिकवला जातो. उरलेल्या चाळीस टक्क्यांतल्या मुलीला त्या विषयाची चव कळायची तर ती कॉलेजातच कळणार, आणि कॉलेज म्हणतं, आधी चव सांग मग आत ये. आमच्या उपनगरात सातवीपासून क्लास आहेत. पूर्व वॉशिंग्टनमधल्या सफरचंदाच्या बागांत काम करणाऱ्या बाईच्या मुलीला कदाचित शाळेत तो कोर्सच नसेल. दोघींनी एकाच रकान्यात एकच शब्द लिहिला तर कोणाचा 'इरादा' जास्त भरीव दिसेल, हे सांगायला प्रवेश समितीत बसायला नको.

आणि मग येते ती युक्ती. आमच्या मराठी आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती हळदीकुंकवाच्या आमंत्रणासारखी फिरते. गर्दीचा मेजर लिहू नका, कमी गर्दीचा लिहा, आत शिरा, मग वळा. दर तासाला शेकडो डॉलर घेणारे सल्लागारही हेच जरा गुळगुळीत शब्दांत सांगतात. एका वर्षी आमच्या परिसरातल्या निम्म्या मुलांना एकाएकी मानववंशशास्त्राचं वेड लागलं. एकाने कीटकशास्त्र लिहिलं. त्याच्या निबंधात आजोळच्या अंगणातले काजवे होते. आजोळ त्याचं डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आहे.

हसू येतं, पण यातला एक मुलगा माझ्या चांगला ओळखीचा. त्याने असाच एक विषय लिहून एका सरकारी विद्यापीठात प्रवेश घेतला. तोवर तिथला कॉम्प्युटर सायन्सकडे वळायचा रस्ता बंद झाला होता. ज्यांच्या सल्ल्याने लिहिलं त्यांची माहिती दोन वर्षं शिळी होती. आता तो दुसऱ्या वर्षाला आहे, न आवडणाऱ्या विषयात, राज्याबाहेरची दामदुप्पट फी भरून. त्याच्या आईवडिलांनी लबाडी केली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या खेळात खरं बोलणाऱ्याला शंभरात दोन आणि खोटं बोलणाऱ्याला शंभरात तीस अशी संधी दिसते, तिथे लोक काय करणार? पण आपल्या पोराला त्याच्या पहिल्याच मोठ्या कागदावर मनातलं नाही ते मनापासून लिहायला शिकवलं आपण, हेही खरं. आणि खऱ्या काजव्यांमागे धावलेल्या कुठल्या तरी आयोवाच्या मुलाची जागा त्यात गेली असेल, तर त्याचा हिशेब कोणत्याच ग्रुपवर होत नाही.

'मुलांना आवडेल ते करू द्या' असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. आपल्यातली बरीच कुटुंबं एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत, ग्रीन कार्डच्या भारतीय रांगेत कित्येक वर्षं उभी. त्यांची मुलं लहानपणी इथे आली, इथल्या शाळेत वाढली, पण एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या अर्जावरचा त्यांचा हक्क संपतो आणि त्यांना परदेशी विद्यार्थी म्हणून एफ-वन व्हिसा घ्यावा लागतो. पदवीनंतर काम करायची परवानगी बारा महिन्यांची. विषय सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत असेल तर आणखी चोवीस. म्हणजे इतिहास शिकलेल्या मुलाला एक वर्ष आणि सांख्यिकी शिकलेल्याला तीन, म्हणजे एच-वनच्या लॉटरीत नाव टाकायच्या दोन संधी जास्त. कितीतरी विद्यापीठांनी आपल्या अर्थशास्त्राचा सरकारी कोड बदलून तो संख्यात्मक अर्थशास्त्राचा केला, कारण साध्या अर्थशास्त्राचा कोड यादीत नाही आणि तो आहे. वर्ग तेच, प्राध्यापक तेच, फक्त कोड बदलला की दोन वर्षं वाढली. अशा घरातल्या मुलाला 'मनाचं ऐक' म्हणणं मला तरी जमत नाही. माझी मुलगी इथे जन्मली, तिला मन ऐकायची सोय आहे. शेजारच्या घरातल्या, तिच्याच बरोबर बालवाडीपासून वाढलेल्या मैत्रिणीला नाही. त्या दोघी एकाच टेबलावर एकच रकाना भरत होत्या आणि दोघींपुढचे प्रश्न वेगळे होते.

ज्या मेजरसाठी हे सगळं चाललंय त्याचं तरी काय? न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या सुरुवातीला नुकत्याच पदवीधर झालेल्यांचे आकडे दिले. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांत बेकारी ६.१ टक्के, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये ७.५. तत्त्वज्ञानात ३.२ आणि कलेच्या इतिहासात ३. आमच्या ग्रुपवर हे आकडे कोणी टाकल्यावर दोन दिवस सन्नाटा होता. अर्थात यावरून सगळ्यांनी तत्त्वज्ञान घ्यावं असं मी म्हणत नाही. त्याच तक्त्यात तत्त्वज्ञानाचे चाळीस टक्क्यांहून अधिक पदवीधर पदवी लागतच नाही अशा कामांत अडकलेले दिसतात, आणि पगारातही कॉम्प्युटरवाले पुढेच आहेत. मुद्दा एवढाच की अर्ज भरल्यापासून नोकरी लागेपर्यंत साडेचार वर्षं जातात, आणि साडेचार वर्षांपूर्वी चॅटजीपीटी हा शब्दही कोणी ऐकला नव्हता अशा काळातून आपण नुकतेच गेलो आहोत. सतराव्या वर्षाचा इरादा बाजारावर बेतायचा, तर तो कोणत्या वर्षाच्या बाजारावर?

काय करावं, यावर माझ्याकडे फार मोठं काही नाही. पहिलं म्हणजे शब्द बदला. जिथे दार बंद होणार आहे तिथे रकान्यावर लिहा: 'या विषयासाठी अर्ज, नंतर बदल मिळण्याची शक्यता कमी.' एवढ्या एका ओळीने माझे दोन शनिवार-रविवार आणि त्या मुलाची दोन वर्षं वाचली असती. मग, सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने मेजरनिहाय आकडे एका ठरावीक नमुन्यात छापावेत: किती अर्ज, किती प्रवेश, आणि आत आल्यावर किती जणांनी वळायला अर्ज केला नि किती वळू शकले. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात लपलेला. महाराष्ट्राचा सीईटी सेल दरवर्षी एवढ्या कॉलेजांचे कटऑफ जाहीर करतो, तर या सुस्थितीतल्या विद्यापीठांना काय अवघड आहे?

आणि काही जागा मागे ठेवा. दहातल्या आठ जागा अर्जावरच द्या, पण दोन पहिल्या वर्षाच्या शेवटासाठी राखा, ज्यांना शाळेत तो विषय मिळालाच नाही अशांना आधी. बर्कलीतली ती जुनी चुरस परत येईल असं म्हणाल, तर थोडी येईल, खरं आहे. पण तिथे अख्खा वर्ग टांगणीला होता. इथे आत आलेल्या प्रत्येकाच्या हातात एक पक्का विषय आधीच असेल. पर्ड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंगची सगळी मुलं पहिलं वर्ष एकत्र काढतात आणि मगच यांत्रिकी की विद्युत ते ठरवतात. इतकं मोठं कॉलेज हे करू शकतं, म्हणजे ते अशक्य नाही. इलिनॉयने वेगळी वाट काढली आहे: कॉम्प्युटर सायन्स अधिक भाषाशास्त्र, अधिक खगोलशास्त्र, अधिक संगीत, अधिक पीकशास्त्र, अशा जोडपदव्या. मला त्या फार आवडल्या. पण त्यासुद्धा अर्जातच मागायच्या असल्यामुळे ग्रुपवर लगेच प्रश्न आला की यांतली सगळ्यात सोपी जोडी कोणती. पीकशास्त्राची, असं एकीने लिहिलं. तिच्या घरी कुंडीतला कढीपत्ताही जगत नाही.

माझ्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिला नकाशे आवडतात. पाचवीत असताना तिने माझ्या बाबांकडून सांगलीतल्या कृष्णेच्या पुराची हकिकत ऐकली होती, २०१९ चा तो पूर, आणि पाणी कोणत्या गल्लीत किती चढलं ते आजोबांना फोनवर विचारून विचारून कागदावर काढलं होतं. कोडही तिला येतं, आवडतंही, पण नकाशासाठी लागेल तेवढं. बऱ्याच ठिकाणी तिने 'अनडिक्लेअर्ड', म्हणजे अजून ठरलं नाही, असं लिहिलं. आमच्या राज्याच्या विद्यापीठाच्या अर्जात मात्र ती बराच वेळ थांबली, आणि मग तिने 'भूगोल' लिहिलं. मी शेजारीच बसले होते. जीभ चावून गप्प राहिले, हे माझं त्या महिन्यातलं सगळ्यात अवघड काम.

दोन दिवसांनी ग्रुपमधल्या एकीचा फोन आला. तिला कळलं होतं. "भूगोल! काय डोकं लावलंस गं. हे कोणाला सुचलंच नव्हतं. आणि तिथून सीएसला वळायला मिळतं का?"

मी म्हटलं, "वळायचं नाहीये. तिला खरंच भूगोल घ्यायचाय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "अगं, मला तरी खरं सांग."